आरशाची पहिली नजर

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुर्बिणीचा मोठा आरसा ज्याने घोटला, त्याने त्यातून सगळ्यात आधी बघायचं. दुर्बीण कितीही मोठ्या लोकांची असो, ज्या दिवशी आरसा जागेवर बसतो आणि पहिल्यांदा आकाशाकडे वळतो, त्या दिवशी सगळे विद्वान निमूट बाजूला होतात आणि नखांत तांबडी पूड अडकलेल्या एका माणसाला पुढे करतात. त्याने बघायचं, हवं तेवढा वेळ बघायचं, आणि मग बाकीच्यांनी. याला आम्ही पहिली नजर म्हणतो. त्यानंतर आरसा आपला राहत नाही. आपण आपल्या घरी यायचं आणि दुसरी काच घ्यायची.

माझ्या आरशाची पहिली नजर समुद्रापलीकडच्या एका डोंगरावर होणार होती. तिकीट आलं होतं. आणि माझ्या पोटात जुळं होतं.

हा आरसा मी लग्नाआधीपासून घोटत होते. दोन्ही हात पसरले तरी कवेत येत नाही एवढा. सुरुवातीला ती नुसती ओबडधोबड काचेची चकती होती, शिळा म्हणा. मग खोलगट केली, मग गुळगुळीत केली, आणि मग सुरू झालं खरं काम. राळेचा थर लावलेली घोटणी हातात धरायची, तांबडी पूड पाण्यात कालवायची आणि गोल गोल फिरत राहायचं. केसाचे हजार भाग करा आणि त्यातला एक भाग घ्या, तेवढी चूकसुद्धा चालत नाही. माझा नवरा बस चालवतो. तो या आरशाला 'तुझा पहिला नवरा' म्हणायचा. "पहिल्या नवऱ्याची तब्येत कशी आहे?" असं रोज संध्याकाळी विचारायचा, आणि मी कंटाळा न करता सांगायचे, कारण मला दुसरं काही सांगण्यासारखं नसायचंच.

तर त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले ते परवानगी मागायला. खरं सांगायचं तर परवानगी मागायला नाही, शिक्का मारून घ्यायला. मी मनात बॅग भरून ठेवली होती.

त्यांनी नेहमीप्रमाणे पोटाला गार गार काहीतरी फासलं, यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी याआधीही बघितलं होतं. पण आधी ते दोन ठिपके होते, मग दोन शेंगा. आता दोन माणसं होती. एकाने तोंड फिरवलं होतं, शाळेत न जाणाऱ्या पोरासारखं. दुसऱ्याला उचकी लागली होती.

"उचकी?" मी विचारलं. "आत?"

"लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा मधला पडदा बघा. दोघांच्या मध्ये आहे तो."

एक बारीक रेघ होती. मी जन्मभर बारीक गोष्टी मोजत आले आहे, पण इतकं पातळ काही मी बघितलं नव्हतं. त्या रेघेच्या एका बाजूला उचकी देणारा, आणि दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून बसलेला. एकाने उचकी दिली की रेघ थरथरायची आणि दुसरा हलायचा. पुन्हा उचकी, पुन्हा हलायचा. वैतागलेला असावा. मी हसायला गेले आणि डोळ्यांतून पाणीच आलं. हे माझ्या आत चाललं होतं, आणि मी रोज त्यांना घेऊन बाजारात जात होते, भांडत होते, झोपत होते, मला काही पत्ताच नव्हता.

मग मी डोळे पुसले आणि विमानाचं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुसून ठेवलं. चांगल्या बाई आहेत, उगाच घाबरवत नाहीत. "जुळं असलं तरी या महिन्यात विमानवाले नेतात," त्या म्हणाल्या. "मी लिहून दिलं की नेतील. पण तुमच्या दोघा बाळांची वार एकच आहे. म्हणजे एकाच ताटात दोघं जेवतायत असं समजा. आत्तापर्यंत छान वाटून घेतायत. पण मध्येच कधी एकाला जास्त जायला लागतं, दुसऱ्याला कमी. ते वेळेत दिसलं तर हाताशी उपाय असतात. म्हणून तर तुम्हाला सारखं बोलावते मी."

"आणि विमानात?"

"विमानात बहुतेक काही होणार नाही. पण समुद्रावरचा टप्पा लांबलचक आहे. कळा आल्या तर उतरायला जमीन नाही. आणि तुम्ही म्हणता तो डोंगर उंच आहे, हवा विरळ, मोठं हॉस्पिटल पार खाली पायथ्याला."

"म्हणजे जाऊ नको?"

"नक्की धोका असता तर मीच जाऊ दिलं नसतं. नक्की नाहीये. काही होणारच नाही असंही मी म्हणू शकत नाही. त्यामुळे हे तुम्हाला ठरवायचंय."

मला असला राग आला! 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या नावाने बोटं मोडत घरी बसले असते. 'हो' म्हणाल्या असत्या तर गेले असते. पण त्यांनी खरं सांगितलं, आणि खरं सांगणाऱ्या माणसावर रागवायची सोय नसते.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कणीक मळत होता, स्वयंपाक त्याच्याकडे असतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणशील ते."

"तू म्हणशील ते म्हणजे काय रे? पोरं काय माझी एकटीची आहेत?"

"नाही, पण..."

"पण काय?"

"पण मी 'जाऊ नको' म्हटलं तर जन्मभर ऐकवशील. आणि 'जा' म्हटलं आणि काही झालं, तर मी स्वतःला जन्मभर ऐकवीन." तो हात धुवून माझ्या शेजारी येऊन बसला. हात नीट धुतलेही नव्हते, पीठ तसंच होतं. "मला भीती वाटते गं. बसमध्ये पोटुशी बाई चढली तरी मी खड्डे चुकवत चालवतो. विमान मला चालवता येत नाही."

नाकावर राग असलेल्या बाईला गप्प करायचं असेल तर तिच्याशी खरं बोलावं, हे त्या दिवशी दोनदा सिद्ध झालं.

आईला फोन केला. आईचं म्हणणं सरळ होतं. "कशाला मरायला जातेस एवढ्या लांब? आरसा काय, फोटो पाठवतील तुला." मी म्हटलं, आई, फोटो वेगळा आणि बघणं वेगळं. ती म्हणाली, "मग फोन कशाला केलास? तुला माझ्या तोंडून 'जा' ऐकायचं होतं, ते मी म्हणणार नाही." आणि तिने फोन ठेवला. मग पुन्हा तिनेच केला आणि विचारलं, "उचकी कुणाला लागली होती, डावीकडच्याला की उजवीकडच्याला?" आम्ही बराच वेळ उचकीवर बोललो.

असे काही दिवस गेले. सकाळी उठले की मी जाणार असायचे. दुपारी जेवले की नाही जाणार. पुन्हा संध्याकाळी, वर्कशॉपमधून निघताना आरशावरचं कापड नीट करताना वाटायचं, की हा त्या डोंगरावर पहिल्यांदा डोळा उघडेल आणि मी इथे असेन, हे कसं शक्य आहे? या काचेच्या अंगावरची एकेक वळणं मला पाठ आहेत. तिने काय बघितलं ते मला कुणीतरी दुसऱ्याने सांगायचं?

वर्कशॉपमध्ये आमचे वडीलधारे म्हणजे धूळकाका. त्यांना सगळीकडे धूळ दिसते म्हणून हे नाव, आणि ते त्यांच्या तोंडावर घेतलं तरी ते ओ देतात. दारात बूट काढायचे, केस बांधून टोपी घालायची, शिंक आली तर पळत बाहेर जाऊन द्यायची. एकदा एक मोठे साहेब आत येऊन शिंकले, तर काकांनी त्यांना सरळ दंडाला धरून बाहेर नेलं. मला काम त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, वर्षभर नुसती फरशी पुसायला लावली. मग एक दिवस म्हणाले, "आता काचेला हात लाव, पोरी." आणि मी हात लावल्यावर म्हणाले, "काढ आता. आणि जा, बघ काय केलंस ते."

तेव्हा मी पहिल्यांदा चाचणी बघितली. ती अशी असते: लांबच लांब खोलीच्या एका टोकाला आरसा उभा करायचा. दुसऱ्या टोकाला एक बारीकसा दिवा. दिव्याचा उजेड आरशावर जाऊन परत येतो, तो डोळ्यात शिरण्याआधी एका पात्याच्या धारेने हळूच कापायचा. मग आरसा राखाडी दिसायला लागतो, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक चूक उन्हं कलल्यावरच्या माळरानासारखी उठून दिसते. टेकड्या, खड्डे, सगळं. त्या दिवशी आरशावर माझ्या बोटांच्या पाच टेकड्या होत्या. काचेला हाताची ऊब लागली की ती तेवढीच फुगते. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, पण तिथे खरंच टेकडी असते. मग काच निवते आणि टेकडी जाते. म्हणून काम झालं की आरशाला झोपू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मापायचं. हा आमचा पहिला धडा.

तर आरसा पाठवायचं ठरलं होतं त्या दिवशीची ही गोष्ट. शेवटची चाचणी कालच झाली होती आणि आरसा असा उतरला होता की काकांनी दोनदा बघून 'हं' म्हटलं होतं. त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं. सुतार खोकं घेऊन बाहेर बसला होता, ट्रक फाटकाशी उभा होता. सकाळी मी आरसा एकदा मऊ ब्रशने साफ केला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग मनात आलं, जाता जाता एकदा बघून घ्यावं. लाड म्हणून. मी दुसऱ्या टोकाला गेले, दिवा लावला, पातं सरकवलं.

खालच्या कडेला एक टेकडी होती.

काल ती नव्हती, मी शपथ घेऊन सांगते. रुंद, सपाटसर, कडेपासून आत आलेली. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. होती. मला घाम फुटला, आणि त्या घामाबरोबर राग. इतकी वर्षं घालवली आणि शेवटच्या दिवशी हे! मी सरळ लहान घोटणी उचलली, पूड कालवली आणि आरशाकडे निघाले. टेकडीच ना? हलक्या हाताने उतरवली की झालं.

"काय करतेयस?" काका दारातून म्हणाले.

"टेकडी आहे."

"काल होती?"

"नव्हती."

"मग रात्रीत उगवली? भाजीचा वाफा आहे का तो?"

"काका, ट्रक उभा आहे बाहेर!"

"उभा राहू दे. ट्रकच आहे तो, घोडा नाही." त्यांनी माझ्या हातातून घोटणी काढून घेतली. मग पात्यामागे डोळा लावून स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं. "आता तू बघ," म्हणाले.

मी बघितलं. टेकडी होती, पण मघापेक्षा बुटकी. मी पुन्हा बघत राहिले. ती बसत चालली होती. माझ्या डोळ्यांदेखत, कढई उतरवल्यावर फेस बसावा तशी. आणि मग ती तिथे नव्हतीच. आरसा कालच्यासारखा, एकसारखा राखाडी.

मला कळेना. मी आज हात लावलाच नव्हता, फक्त ब्रश. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या एप्रनकडे बोट दाखवलं. पोटावरून आडवी, जरा वाकडी, पुडीची तांबडी रेघ गेली होती. आरशाच्या काठाची रेघ.

"कंबर दुखते ना हल्ली?" काका म्हणाले. "टेकून उभी राहिली असशील."

मी टेकले होते. मला आठवलं. ब्रश फिरवताना पोट जरा काठावर ठेवलं होतं, बरं वाटलं म्हणून. पोट एवढं पुढे आलंय हे माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नव्हतं. मी अजूनही स्वतःला जुन्या मापाची समजत होते.

म्हणजे ती टेकडी पोटातल्या त्या दोघांनी केली होती.

मी स्टुलावर बसले. बसलेच. थोडं उशिरा काका आले असते, तर मी ती घोटून सपाट केली असती. आणि काच निवल्यावर तिथे खड्डा राहिला असता, कायमचा. ज्या चुकीबद्दल नवख्या पोरांना आम्ही हसतो, ती मी माझ्या सगळ्यात चांगल्या कामावर करायला निघाले होते. पण खरं सांगू का, तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलंच नाही. मला दुसरंच काहीतरी होत होतं.

"काका," मी म्हटलं, "मला पुन्हा बघायचंय."

जो माणूस काचेच्या आसपास कुणाला श्वास घेऊ देत नाही, तो माणूस म्हणाला, "बघ."

मी गेले आणि पोट काठाला टेकवलं. काच गार होती. आतून कुणीतरी लाथ मारली, तिथेच, त्या गारव्याच्या जागी. मी उभी राहिले. मग शक्य तितक्या भरभर, म्हणजे बदकासारखी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि डोळा लावला.

ती होती. राखाडी उजेडात, कडेपासून हळूच चढत गेलेली. वर्षानुवर्षं मी या काचेवर किती टेकड्या बघितल्या आणि किती उतरवल्या, पण अशी नाही. ज्यांनी अजून डोळे उघडले नाहीत, ज्यांना नाव नाही, ज्यांच्यामध्ये त्या बारीक रेघेएवढाच आडोसा आहे, त्यांनी माझ्या आरशाला हात लावला होता आणि आरशाने तो ओळखला होता. मोठमोठ्या ताऱ्यांचा उजेड पकडायला म्हणून मी तो घोटला होता, आणि त्याने सगळ्यात आधी काय पकडलं असेल, तर ही ऊब.

"यातली थोडी तुझीही असणार," काका मागून म्हणाले. ते उगाच काही बोलत नाहीत.

"अर्धी तरी त्यांची."

"वाटणी नको करत बसूस. बघून घे, ती जाईल आता."

मी बघत राहिले, आणि ती जाता जाता मला एक गोष्ट कळली. इतके दिवस मी एकच प्रश्न विचारत होते: मी जाऊ का? डॉक्टरीणबाईंना, नवऱ्याला, आईला, आरशाला. त्या प्रश्नात मी एकटीच होते. ती दोघं त्यात सामान होती. नेता येईल की नाही, वजनात बसतं की नाही एवढंच. आणि ही दोघं तर आत्ताच जगात होती. ती काचेला लागत होती. मी त्यांना समुद्रावरून नेलं असतं आणि बहुतेक काही झालंही नसतं, हे मला आजही वाटतं. पण ट्रक उभा आहे म्हणून ज्या बाईच्या हातून आज खड्डा पडणार होता, त्या बाईच्या 'बहुतेक काही होणार नाही' वर मी त्या दोघांना बसवणार नव्हते.

"मी जात नाही," मी म्हटलं.

म्हटलं आणि आनंदबिनंद काही झाला नाही. मी मोठ्याने रडले. लहान मुलीचं काहीतरी हिसकावून घेतल्यावर ती जशी रडते तशी, नाक वाहेपर्यंत. काकांनी मला बाहेर नेलं नाही, एवढंच. रुमाल दिला आणि म्हणाले, "काचेपासून लांब."

मग म्हणाले, "मग बघणार कोण?"

"तुम्ही जा."

"मी घोटला नाही."

"मग डोंगरावरच्या कुणालाही बघू दे."

"ते कसं चालेल?"

"नाही चालत! मला माहीत आहे नाही चालत!" मी ओरडले. "पण मी काय करू? एक तर तिथे असेन नाहीतर इथे!"

काका खिडकीपाशी गेले, मागच्या अंगणाकडे बघत उभे राहिले. अंगण म्हणजे माती, जुने बांबू, पाण्याची टाकी. वीस वर्षांत त्यांनी ती खिडकी उघडलेली मी बघितली नव्हती. धूळ येते म्हणून.

"पौर्णिमा कालच झाली ना?" त्यांनी विचारलं.

सुतार दारातून म्हणाला, "काल झाली. आज अंधार पडल्यावर निघेल चंद्र, टाकीच्या बाजूने."

"ट्रकवाल्याला सांग, उद्या ये," काका म्हणाले. "आणि आतली ढकलगाडी काढ."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "काका, वेड लागलंय का? बाहेर? आणि काच उघडी आहे अजून, चकाकता मुलामा चढायचाय!"

"मुलामा चढवतील तिथले लोक. तो चढवला की उजेड जास्त येतो. पण बघायला लागतो तो आकार, आणि आकार तू दिलायस. चंद्राला कमी उजेड आहे का?"

त्या संध्याकाळी मी जे बघितलं ते आमच्या धंद्यात कुणाला सांगून पटणार नाही. धूळकाका पायजमा वर खोचून अंगणात रबरी नळीने पाणी मारत होते, माती बसावी म्हणून. कोपरान् कोपरा. मग फळ्या टाकल्या, त्यावर आरशाचा गाडा आणला, मुंगीच्या पावलाने. सुतार एका बाजूला, माझा नवरा दुसऱ्या बाजूला. तो ड्युटी संपवून मला न्यायला आला होता, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"पहिल्या नवऱ्याला हवा खायला काढलंय का?" त्याने विचारलं.

"बूट काढ," काका म्हणाले. अंगणात!

मी त्याला आडबाजूला घेऊन सांगितलं, की मी जात नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडून 'बरं झालं' निघालं असतं तर मी त्याला तिथेच सोललं असतं. त्याने फक्त माझ्या पोटावर एक हात ठेवला, मग आरशाकडे बघितलं आणि म्हणाला, "केवढा आहे गं." एवढ्या वर्षांत त्याने तो कापडाशिवाय कधी बघितलाच नव्हता.

आरसा तिरका उभा केला, चंद्र जिथे येणार त्या दिशेला तोंड करून. त्याच्यासमोर, खोलीच्या निम्म्या लांबीएवढ्या अंतरावर, एका शिडीला भिंग बांधलं. अशा वेळी चंद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं. चंद्र मागे, तोंड आरशाकडे, आणि मध्ये हवेत कुठेतरी ते चित्र तयार होतं, ते भिंगातून शोधायचं. सुताराने माझ्या पायाखाली एक रुंद फळी ठेवली. काका भिंग इंच इंच सरकवत राहिले, पण डोळे घट्ट मिटून, नुसत्या हाताने. मी सांगायचे, डावीकडे, अजून, थोडं वर.

टाकीच्या मागून चंद्र आला तो माझ्या पाठीला. समोरच्या भिंतीवर उजेड पडला त्यावरून मला कळलं.

आणि मग भिंगात तो आला.

मला वाटलं होतं मला ते ओळखीचं असेल. चंद्राचे फोटो कुणी बघितले नाहीत? पण हा फोटो नव्हता. एक अख्खी जागा होती ती. पांढरी, कडक, उघडी. काठाला, जिथे नुकताच अंधार चढायला लागला होता, तिथे एका उंच कड्याच्या फक्त टोकावर ऊन होतं, आणि त्याचा पायथा काळ्यात बुडालेला. तिथे आत्ता सूर्य मावळत होता. हवेमुळे सगळं किंचित उकळल्यासारखं हलत होतं, कडेला जरा ओढलं जात होतं, पण मधोमध ते इतकं नितळ होतं की मला भीती वाटली, आपण पडू त्यात. ते माझ्या हातांनी तिथे आणलं होतं. या हातांनी, गोल गोल फिरून. मला ते खरं वाटेना आणि ते तर समोर होतं.

"काय दिसतंय?" नवऱ्याने विचारलं.

मी नुसता हात मागे केला आणि त्याने तो धरला.

चंद्र सरकत होता. आम्ही आरसा हलवत नव्हतो, भिंग शिडीला घट्ट बांधलेलं होतं, तरी ते ऊन पडलेलं टोक कडेकडे चाललं होतं, थांबत नव्हतं, झटका नव्हता. "पळतोय तो," मी म्हटलं.

"तो नाही," काका म्हणाले. "आपण."

शाळेत शिकले होते मी ते. पण शिकणं वेगळं. मी फळीवर स्तब्ध उभी होते आणि माझ्यासकट सगळं चाललं होतं: अंगण, टाकी, सुतार, अनवाणी बस ड्रायव्हर, माझ्या आतली दोघं, एकाच्या उचकीने दुसरा हलत. एवढ्या वेगाने, आणि अंगाला वारासुद्धा लागत नव्हता. आपल्याला कुणीतरी इतक्या सांभाळून नेतंय हे मला कधी जाणवलंच नव्हतं. पोटावर ठेवलेल्या माझ्या हाताला आतून हालचाल लागत होती, आणि मी तो कडा बघत राहिले, तो भिंगाच्या काठावरून निघून जाईपर्यंत. मग भिंगात अंधार झाला.

"परत लावू?" काकांनी विचारलं. त्यांनी अजूनही भिंगात डोकावलेलं नव्हतं.

मला परत बघायचं होतं. सकाळ होईपर्यंत बघायचं होतं. डोंगरावर ते याहून कितीतरी चांगलं दिसेल हे मला माहीत होतं, आणि ते मी कधीच बघणार नाही हेही. पण पहिली नजर एकच असते, आणि ती आम्हा तिघांची झाली होती, माझी आणि आतल्या दोघांची.

मी नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन फळीवरून उतरले.

"बास," मी म्हटलं. "न्या आता त्याला."